सहा वाजले होते हे कशावरून?

कोलोनच्या मराठी मंडळात माझी ओळख करून देताना लोकांची पंचाईत होते. "या पोलिसात होत्या," म्हटलं की समोरचा माणूस नकळत एक पाऊल मागे सरकतो आणि आपली गाडी नक्की कुठे लावली आहे ते आठवू लागतो. "या राज्याच्या मुख्य सरकारी वकील होत्या," म्हटलं की तोच माणूस दोन पावलं पुढे येतो आणि घरमालकानं अडकवून ठेवलेल्या डिपॉझिटबद्दल सल्ला विचारतो. दोन्ही खरं आहे. एका खेड्यात सायकलवरून गस्त घालणारी पोलीस म्हणून मी सुरुवात केली आणि मागच्या वर्षी जनरलश्टाट्सआनवाल्टिन, म्हणजे राज्यातल्या सगळ्या सरकारी वकिलांची मुख्य, म्हणून निवृत्त झाले. संपादक म्हणाले, तुमचा प्रवास लिहा. प्रवास वगैरे मला लिहिता येत नाही. मला जबाब लिहिता येतो, आणि तोही एकदा चुकला होता.

चौथीची परीक्षा देऊन मी पुण्याहून एर्लांगेनला आले, कारण बाबांना तिथल्या विजेच्या उपकरणांच्या कारखान्यात नोकरी लागली होती. मी डॉक्टर व्हावं अशी आईची इच्छा होती. मला गणवेश हवा होता. आमच्या बायर्न राज्यात तेव्हा गणवेशातल्या पोलिसांत बायका घेत नव्हते, म्हणून मी राईनकाठी अर्ज केला. त्यासाठी जर्मन नागरिकत्व घेतलं, तेव्हा आई बोलत सुटली. "अगं, आपल्याकडे पोलीस दारात आला तर लोक कडी लावून घेतात. आणि तू स्वतःच पोलीस होऊन लोकांच्या दारात जाणार?"

गेले. बॉनपासून थोड्या अंतरावर, द्राक्षाच्या उतारांखाली एक खेडं होतं. चर्च, बेकरी, यंत्रांचे सुटे भाग बनवणारा कारखाना, स्वयंसेवकांचं अग्निशमन दल आणि दोन खोल्यांची पोलीस चौकी. लोक मला डोर्फशेरिफ म्हणत, म्हणजे गावचा शेरिफ. सहस्रबुद्धे हे आडनाव छातीवरच्या पट्टीत मावत नव्हतं, पण जर्मन माणसाला लांबलचक शब्दांची भीती नसते. आठवड्याभरात सगळं गाव ते न अडखळता म्हणू लागलं. पुण्यात अजून लोक दोनदा विचारतात.

त्या चौकीत मी काय काय पाहिलं! पहिल्याच फेब्रुवारीत एका गुरुवारी दुपारी पुण्याचा एक तरुण इंजिनियर धापा टाकत आला. कारखान्यात त्याला रुजू होऊन तीन आठवडे झाले होते. हातात अर्धा टाय, गळ्यात उरलेला अर्धा.

"मॅडम, माझ्यावर हल्ला झालाय," तो इंग्रजीत म्हणाला. माझ्या पट्टीवरचं नाव वाचल्यावर मराठीत आला. "अहो ताई, अकाउंट्समधल्या तीन बायका कात्री घेऊन आल्या! सासऱ्यांनी दिलेला टाय होता हो!"

मी त्याला पाणी दिलं आणि समजावलं. कार्निव्हलच्या आधीच्या गुरुवारी इकडे बायकांचं राज्य असतं. त्या दिवशी दिसेल त्या पुरुषाचा टाय कापायचा, ही इथली रीत. म्हणून इथले पुरुष त्या दिवशी जुनापुराणा टाय घालून येतात. "कायद्यानं पाहिलं तर तुमच्या वस्तूचं नुकसान झालंय. तक्रार लिहून घेते. टायच्या बदल्यात गालावर पापी देतात, ती मिळाली का?"

तो कानापर्यंत लाल झाला. "तीन मिळाल्या."

"मग तेही लिहावं लागेल. जबाब पूर्ण हवा."

"नको, नको! पुढच्या महिन्यात बायको येणार आहे." तो अर्धा टाय माझ्या टेबलावर टाकून पळाला. पुढे पंचवीस वर्षं तो आमच्या मंडळाचा खजिनदार होता, आणि मी समोर दिसले की हात आपोआप गळ्याकडे जायचा.

हे असं मजेत चाललं होतं. तिसऱ्या वर्षी ईस्टरच्या आठवड्यात गवताचं कोठार जळालं.

इथे माझी एक सवय सांगायला हवी. गस्तीवर असताना खिशात छोटी वही असायची, आणि तिच्यात मी मराठीत टिपणं करायची. जर्मन मला उत्तम येत होतं, पण घाईत हात देवनागरीकडेच वळायचा. शिवाय चौकीतल्या कुणाला ते वाचता येत नसे, याची थोडी ऐटही होती. संध्याकाळी त्यावरून टाइपरायटरवर जर्मनमध्ये अहवाल लिहायचा.

गुड फ्रायडेला संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास कोठार पेटल्याचं कळलं. सणासुदीला बाकीच्यांना घरी जाता यावं म्हणून ईस्टरच्या ड्यूट्या मी मागून घ्यायची. आमच्या घरी कुठे ईस्टर होता? त्या आठवड्यात बुधवारी आणि शुक्रवारी मी त्याच रस्त्यावर गस्त घातली होती, गुरुवारी सुट्टी होती. शनिवारी सकाळी जिल्ह्याचे तपास अधिकारी आले आणि म्हणाले, त्या बाजूला कोण दिसलं होतं? मी वही उघडली. एक ओळ होती. हाइन्ट्स सायकलवर, मागे पेट्रोलचा डबा, गिरणीच्या रस्त्यानं. ओळीवर तारीख नव्हती. मला वाटलं, कालचीच. मी पेन घेतलं, बाजूला "शुक्र." लिहिलं आणि अहवालात टाइप केलं: शुक्रवार, सुमारे अठरा वाजता.

हाइन्ट्स तेव्हा तिशीचा होता. सायकली दुरुस्त करायचा, आणि गावच्या अग्निशमन दलात वयाच्या सोळाव्या वर्षापासून होता. ही पगारी माणसं नव्हेत. सायरन झाला की बेकर पीठ टाकून धावतो, न्हावी गिऱ्हाईक अर्धवट सोडून. त्यांचं लग्न लागतं तेव्हा दल दाराशी उभं असतं, आणि माणूस गेला की दलच खांदा देतं. कोठार पेटलं तेव्हा पाण्याचा पाइप धरून सगळ्यात पुढे हाइन्ट्सच होता. पण कोठाराच्या मालकाशी त्याचं कुंपणावरून भांडण होतं, आणि आता पोलिसानं त्याला डब्यासकट पाहिलं होतं. "आग लावणाराच विझवायला आला," असं गाव म्हणू लागलं. दलानं त्याचं नाव काढून टाकलं.

तो मला माझ्या तेव्हाच्या हवालदाराच्या हुद्द्यानं हाक मारून तोंडावर म्हणाला होता, "फ्राऊ वाख्टमाइस्टरिन, तुम्ही मला पाहिलंत ते बुधवारी. दलाच्या पंपासाठी पेट्रोल आणत होतो."

मी म्हटलं, "माझ्याकडे लिहिलेलं आहे."

शहरातल्या कोर्टात माझी साक्ष झाली. त्याचा वकील म्हणाला, साक्षीदाराची मूळ वही पाहायची आहे. मी वही वर धरून दाखवली. न्यायाधीशांनी ती न कळणारी देवनागरी नक्षी पाहिली आणि हसले. कोर्टही हसलं. "यातलं सगळं अहवालात आहे का?" त्यांनी विचारलं. "शब्दन् शब्द," मी म्हटलं. वकील खाली बसला. वेळेबद्दल खात्री आहे का, असं विचारल्यावर मी सांगितलं, पूर्ण खात्री आहे, सहा वाजले होते. हाइन्ट्सला तीन वर्षांची शिक्षा झाली.

बाहेर आल्यावर म्हातारे सरकारी वकील माझ्याशी हस्तांदोलन करत म्हणाले, "इतकी स्वच्छ साक्ष मी वर्षानुवर्षं ऐकली नाही. तुम्ही कायदा शिकायला हवा." त्या एका वाक्यावर मी नोकरी सोडली आणि कोलोनला कायदा शिकायला गेले. आमचे हे तेव्हा मोटारींच्या कंपनीत होते, त्यांनी घर चालवलं. आई एर्लांगेनहून येऊन आमच्या लेकीला सांभाळू लागली. दोन सरकारी परीक्षा, मधली उमेदवारी, सगळं मिळून आठ वर्षं लागली. माझ्या काळ्या झग्याची पहिली शिवण हाइन्ट्सच्या शिक्षेवर पडली होती, हे मला कळायला उणीपुरी चाळीस वर्षं जायची होती.

आपल्याकडच्या सिनेमातला सरकारी वकील आरोपीला फासावर चढवायलाच जन्मलेला असतो. इथे तसं नाही. आरोपीच्या विरुद्ध जितकं शोधायचं, तितकंच त्याच्या बाजूचं शोधायचं, असं कायदाच सरकारी वकिलाला बजावतो. सरकारी वकील स्वतः उभा राहून "याला सोडा" म्हणू शकतो, शिक्षा झालेल्या माणसासाठी खटला पुन्हा उघडा म्हणूनही अर्ज करू शकतो. मला ते फार आवडलं. मी त्यात नाव काढलं, हे सांगायला मी लाजणार नाही. माझा एक प्रश्न सगळ्या कचेरीत माहीत होता. साक्षीदार म्हणाला, नऊ वाजले होते, की मी चष्मा काढून विचारायची, "कशावरून?" घड्याळ पाहिलंत? मग ते घड्याळ बरोबर होतं कशावरून? या प्रश्नानं मी एका सराफाकडे चोरी करणाऱ्याला पकडलं, आणि एका नर्सला खोट्या आळातून सोडवलं. शिकाऊ वकिलांना मी पहिल्या दिवशी तेवढंच शिकवायची. पायरी पायरीनं वर चढत एके दिवशी मंत्र्यांच्या हातून नेमणुकीचा कागद घेतला. त्या दिवशी आईनं एर्लांगेनहून फोन केला, "आता दारात गेलीस तर लोक कडी काढतील ना गं?" फोनवर हसता हसता दोघी रडलो.

निवृत्तीला आठ महिने उरले असताना ईस्टर आला. आमची लेक एका कॅथलिक घरात दिली आहे, राईनच्या पलीकडच्या खेड्यात. गुड फ्रायडेला आम्ही तिथे होतो. संध्याकाळी सात वर्षांची नात मीरा लाकडी खडखडाट करणारं एक यंत्र घेऊन निघाली. गल्लीतून दहा-बारा मुलं तसलीच खडखडी फिरवत ओरडत चालली होती. मी विचारलं, हा काय गोंधळ?

मराठी तिला सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. "आज्जी, दि ग्लोकन झिंड डॉख इन रोम!" घंटा रोमला गेल्यात ना!

मला कळेना. जावई हसत म्हणाला, "गेनाऊ, बरोबर. गुरुवारच्या संध्याकाळपासून ईस्टरच्या रात्रीपर्यंत चर्चची घंटा वाजत नाही. मुलांना सांगतात, घंटा रोमला उडून गेल्या. म्हणून घंटेच्या वेळेला ही मुलं खडखडाट करत फिरतात. सहा वाजले ना आता."

"कधीपासून?"

"आल्झो... कायमच. शेकडो वर्षं."

मी हातातला कप खाली ठेवला. सहा वाजल्याची माझी पूर्ण खात्री होती, कारण त्या क्षणी सहाची घंटा वाजत होती. ते मला लख्ख आठवत होतं. आणि गुड फ्रायडेला घंटा वाजतच नाही. इतकी वर्षं त्या मुलखात काढून, दर ईस्टरला ड्यूटी करून, न वाजलेली घंटा मला कधी जाणवली नव्हती. गावातल्या शेंबड्या पोरालाही जे ठाऊक होतं ते त्यांच्या शेरिफला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी घरी येऊन मी तळघरातली खोकी उपसली. वही सापडली. "सहाची घंटा. हाइन्ट्स सायकलवर, मागे पेट्रोलचा डबा, गिरणीच्या रस्त्यानं." निळ्या शाईत. बाजूला काळ्या शाईत, "शुक्र." घंटेचा शब्द मी अहवालात घेतलाच नव्हता. जर्मन वाचणाऱ्या एकाही माणसानं तो कधी पाहिला नव्हता. पाहिला असता तर त्याच दिवशी खटला कोसळला असता. हाइन्ट्स खरं बोलत होता, बुधवारच होता तो.

मी वर आले आणि यांना म्हटलं, "अहो, मी एका निरपराध माणसाला तुरुंगात घातलंय."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "निवृत्तीला किती महिने?"

"आठ."

"हं," ते म्हणाले. "म्हणजे खुर्चीवर आहेस तोवर घाई करायला हवी. गाडी काढू का?"

या माणसाशी लग्न केलं हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात पक्कं अनुमान ठरलं.

हाइन्ट्स त्याच घरात, त्याच सायकलींमध्ये होता. केस पांढरे, हात तेच काळे. मी कोण ते सांगावं लागलं नाही. दारातच उभं राहून मी सगळं सांगितलं, माफी मागितली.  त्यानं हातातल्या चाकाची तार आणखी एक पीळ आवळली.

"मी सांगितलं होतं बुधवार म्हणून," तो म्हणाला.

"हो."

"आई गेली तेव्हा मी आत होतो. दलातलं कुणी आलं नाही तिच्यासाठी." मग त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही इथे दारात सांगून मला उपयोग नाही, फ्राऊ वाख्टमाइस्टरिन. मी आता बहात्तर वर्षांचा आहे. मला दलात परत जायचंय. त्यासाठी जिथे बोलला होतात तिथे बोला. मोठ्यानं."

राज्यातली सर्वांत वरची सरकारी वकील होते मी, पण त्याच्यासाठी अजून वाख्टमाइस्टरिनच होते, आणि ते बरोबरच होतं. मी स्वतः साक्षीदार असल्यामुळे खटल्याला हात लावू शकत नव्हते. सगळं मंत्रालयाला लिहून कळवलं आणि प्रकरण दुसऱ्या शहराकडे दिलं. मंत्रालयातल्या एका जुन्या मित्राचा फोन आला. "आठ महिने थांब. मग साधी पेन्शनर म्हणून साक्ष दे. वर्तमानपत्रं तुला फाडून खातील." मी म्हटलं, "जा, जा, खाऊ देत. त्या माणसाकडे आठ महिने आहेत कशावरून?"

अर्ज मंजूर झाला, खटला पुन्हा उभा राहिला. कोर्ट गच्च भरलं होतं. मागच्या बाकांवर गावातली म्हातारी मंडळी आणि गणवेशात न आलेले अग्निशमन दलाचे लोक. अशा दालनांत मी झगा घालून शंभरदा उभी राहिले होते, इथे साध्या कोटात साक्षीदाराच्या खुर्चीत बसले. शपथ घेतलेल्या मराठी दुभाष्यानं माझ्या वहीतली ती ओळ कोर्टाला वाचून दाखवली. समोर सरकारी वकील म्हणून एक तरुण बाई होती. सहा वर्षांपूर्वी ती माझ्या हाताखाली शिकाऊ होती. तिनं वही हातात घेतली, मग हळूच चष्मा काढला.

"त्या वेळी तुम्ही कोर्टाला सांगितलंत की सहा वाजले होते. कशावरून?"

हा माझाच प्रश्न. पोरगी शिकली होती.

"घंटेवरून," मी म्हटलं. "घंटा वाजत होती."

"गुड फ्रायडेला?"

मागच्या बाकांवरून एक आवाज उमटला. रागाचा नव्हे, हसण्याचाही नव्हे. चाळीसएक माणसांना एकाच वेळी एक गोष्ट कळली की होतो तसा. त्या गावात जन्मलेल्या प्रत्येकाला उत्तर ठाऊक होतं.

"गुड फ्रायडेला घंटा वाजत नाही," मी म्हटलं, जितक्या मोठ्यानं बोलता येईल तितक्या मोठ्यानं. "मी त्याला बुधवारी पाहिलं. तो पहिल्यापासून खरं बोलत होता. चूक माझी होती, आणि वहीतला शब्दन् शब्द अहवालात आहे असं सांगितलं, हा अपराधही माझाच."

सरकारी वकीलबाई उभी राहिली आणि तिनं निर्दोष मुक्ततेची मागणी केली. जनतेच्या नावानं निकाल वाचला जातो तेव्हा इथे सगळे उभे राहतात. सगळे उभे राहिले. न्यायाधीशबाईंनी निर्दोष म्हणताच हाइन्ट्सनं मान खाली घातली आणि टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली. वर्तमानपत्रांनी मला फाडून खाल्लं नाही. एकानं तर बरंच कौतुक केलं, ते कात्रण आईनं एर्लांगेनच्या घरात देवाशेजारी लावलं आहे. माझ्या नेमणुकीचा कागद अजून फाइलमध्येच आहे.

नोव्हेंबरात दलाची वार्षिक सभा झाली. कमांडर हा हाइन्ट्सचं नाव काढून टाकणाऱ्या कमांडरचा मुलगा. त्यानं आम्हा नवरा-बायकोला आमंत्रण दिलं होतं. आम्ही गेलो, मी पैठणी नेसून गेले, कारण यापेक्षा मोठा समारंभ माझ्या नोकरीत झाला नव्हता. गाड्या बाहेर काढून ठेवल्या होत्या, त्या जागेत बाकं मांडली होती. हाइन्ट्स नव्या निळ्या गणवेशात ज्येष्ठांच्या रांगेत बसला होता. कॉलर त्याला जरा सैल होत होती.

सभेची सुरुवात हजेरीनं होते. कमांडर नाव घेतो, त्यापुढे सेवेची वर्षं वाचतो, माणूस उभा राहून "हिअर!" म्हणतो. ज्येष्ठांची यादी सुरू झाली. हाइन्ट्सचं नाव आलं. कमांडरनं वर्षं वाचली: छप्पन्न. वयाच्या सोळाव्या वर्षापासून, एकही वर्ष न वगळता. तुरुंगातली वर्षंही त्यात, बहिष्काराची वर्षंही त्यात.

हाइन्ट्स उठला. "हिअर," म्हणाला, पण घशातून हवाच आली. तो तसाच उभा राहिला. मागे कुणीतरी नाक शिंकरलं. कमांडर पुढच्या नावाकडे वळणार, तोच हाइन्ट्सनं हात वर केला.

"पुन्हा घ्या," तो म्हणाला. "नाव पुन्हा घ्या."

कमांडरनं कागद नीट धरला, टाचा जुळवल्या आणि नाव पुन्हा वाचलं, पूर्ण, वर्षांसकट. या वेळी हाइन्ट्स असा काही ओरडला की बाहेर अंगणात खेळणारी पोरं दारात येऊन उभी राहिली.